आठ पिनी एसएमपीएस आणि शिरोलीतली एक रात्र

संध्याकाळी साडेसातला फोन आला, शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीतनं. लॅब बघणारे काका होते, आवाजावरनंच कळलं माणूस दिवसभर वैतागलाय. "दादा, स्पेक्ट्रोचा सीपीयू उठंना झालाय. सकाळपास्नं दोघं येऊन बघून गेले, एक म्हणतोय बोर्ड गेला, दुसरा म्हणतोय नवीन घ्या. आता नवीन घेऊन काय करू, ते कार्ड त्यात बसतंय व्हय?"

ज्यांचा फाउंड्रीशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. भट्टीत लोखंड वितळलं की ओतायच्या आधी त्यातलं थोडं काढून एक छोटं चपटं सँपल ओततात, ते घासून स्पेक्ट्रोमीटरवर ठेवतात, आर्गन गॅसमध्ये त्याच्यावर स्पार्क पडतो आणि त्या उजेडावरनं मशीन सांगतं की कार्बन किती, सिलिकॉन किती, मँगनीज किती, गंधक किती. तो रिपोर्ट हातात नसताना मेटल ओतायचं म्हणजे आख्खी हीट, म्हणजे एका वेळचं वितळवलेलं सगळं मेटल, रिजेक्ट व्हायची तयारी ठेवूनच ओतायचं. आणि तोवर भट्टी काय बंद ठेवता येत नाही, मेटल गरम ठेवायला वीज जळतच राहते. एवढं लाखोंचं मशीन, पण त्याला जोडलेला कॉम्प्युटर म्हणजे २०१४ सालचा ऑफिसात वापरतात तसला साधा ब्रँडेड डबा, आत एक जुनं पीसीआय कार्ड, विंडोज सेव्हन, मागं यूएसबी डोंगल. तो डबा बंद म्हणजे लॅब बंद.

कोल्हापुरात आणि आजूबाजूला असले डबे किती आहेत याची बाहेरच्या माणसाला कल्पना येणार नाही. उद्यमनगरात व्हीएमसी मशीनला (कॉम्प्युटरवर चालणारं धातू कापायचं मशीन) प्रोग्रॅम पाठवणारे आहेत, इचलकरंजीत जेकार्ड मागाची डिझाइन काढणारे आहेत, साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर आहेत. सगळे दहा-बारा वर्षांपूर्वीचे, कुणीतरी ऑफिसच्या लॉटमधनं घेतलेले, आणि सगळ्यांचं दुखणं शेवटी एकाच ठिकाणी येऊन अडकतं, ते म्हणजे एसएमपीएस, भिंतीतली वीज कमी व्होल्टची करून कॉम्प्युटरला देणारा भाग. कारण तो बाजारात मिळतो तसला नसतोच. म्हणून म्हणलं एकदा हे सगळं बैजवार लिहून काढू, कुणाचा तरी एक बोर्ड वाचला तरी बास.

पाऊस होता, पंचगंगेचा पूल ओलांडून शिरोलीत पोचेपर्यंत साडेआठ वाजले. लॅबमध्ये गेलो तर टेबलावर कॅबिनेट उघडं, शेजारी एक नवा कोरा साधा ४५० वॅटचा एसएमपीएस, त्याच्या २४ पिनी प्लगच्या पुढं कुणीतरी काळी टेप गुंडाळून तयार केलेला जोड, आणि तो जोड बोर्डाच्या आठ पिनी सॉकेटात घातलेला. मूळचा एसएमपीएस टेबलाखाली, धुळीत. काकांना म्हणलं, पहिल्यांदा सगळ्याचा प्लग भिंतीतनं काढा, आणि कुणीही काहीही चालू करून बघू नका.

हे मी कायम पहिल्यांदा सांगतो, कारण अशा वेळी प्रत्येकाला एकदा बटण दाबून बघायचंच असतं.

आता मुद्द्याचं. एसएमपीएसचा प्लग सॉकेटात बसला म्हणजे वायरी जुळल्या, असा आपला समज असतो, आणि तो समज तयार व्हायला कारणही आहे. जुन्या एटी बोर्डांत पी-८ आणि पी-९ असे दोन वेगळे प्लग यायचे, शेजारी शेजारी लावायचे, आणि उलटे लावले तर बोर्ड संपला. मी शिकाऊ होतो तेव्हा उस्तादांनी पहिल्या दिवशी एवढंच शिकवलं होतं, काळ्याला काळी चिकटली पाहिजे, म्हणजे दोन्ही प्लगच्या काळ्या वायरी मधोमध आल्या पाहिजेत. मग १९९५ मध्ये इंटेलनं एटीएक्स नावाचं स्टँडर्ड आणलं, २० पिनांचा (पुढं २४) एकच प्लग, खाचा अशा की उलटा बसणारच नाही, आणि तिथनं आपल्या डोक्यात पक्कं झालं की बसला म्हणजे बरोबर. पिवळी १२ व्होल्ट, लाल ५, नारिंगी ३.३, जांभळी स्टँडबाय (कॉम्प्युटर बंद असतानाही येणारी वीज), हिरवी पीएस-ऑन (एसएमपीएस चालू करायचा इशारा), राखाडी पॉवर गुड (व्होल्टेज ठीक असल्याचा इशारा), काळी ग्राउंड. हे रंग ज्याला पाठ तो हार्डवेअरवाला.

पण सगळ्या कंपन्यांनी हे पाळलं नाही. सगळ्यात घातक उदाहरण म्हणजे डेलचे पेंटियम टू-थ्रीच्या काळातले बरेच डबे. प्लग तोच २० पिनी, घर तेच, साधा एटीएक्स एसएमपीएस त्यात व्यवस्थित बसायचा, पण आतल्या वायरींच्या जागा बदललेल्या. मुख्य प्लगमध्ये ३.३ व्होल्ट नाहीच, ते वेगळ्या सहा पिनी प्लगमधनं यायचं. म्हणजे साध्या एसएमपीएसची ग्राउंडची पिन तिकडं ५ व्होल्टच्या जागी जाणार, आणि पुढं काय होणार ते सांगायला नको, नशीब चांगलं असलं तर एसएमपीएस स्वतःच ट्रिप होऊन थांबणार, नाहीतर बोर्ड आणि एसएमपीएस दोन्ही जाणार. याला मी माफ करू शकत नाही. वायरिंग वेगळं करायचं असेल तर करा ना, पण मग प्लगपण वेगळा करा, जो बसणारच नाही असा. आजही कुणी त्या काळातला डबा घेऊन आला, आणि जुन्या लॅब मशीनना अजून असतात असले, तर मी आधी बघतो की मुख्य प्लगशेजारी एक सहा पिनी आडवा प्लग आहे का, आणि मुख्य प्लगात नारिंगी वायरी कुठं दिसतात. तो सहा पिनी असला आणि २० पिनांत तीन नारिंगी सापडल्या नाहीत तर हात मागं.

त्यानंतरची गोष्ट वेगळी आहे, आणि ती तेवढी वाईट नाही. साधारण २०१२-१३ नंतर डेल, एचपी, लेनोव्हो या तिघांनीही त्यांच्या ऑफिसच्या डब्यांत २४ पिनी प्लग सोडून दिला आणि सहा, आठ, दहा, चौदा असल्या पिनांचे स्वतःचे प्लग आणले, ज्याचे त्याचे वेगळे. यातल्या बऱ्याच जणांत एसएमपीएस फक्त १२ व्होल्टच देतो, आणि ५ व्होल्ट, ३.३ व्होल्ट बोर्ड स्वतः तयार करतो. हार्ड डिस्कला आणि डीव्हीडीलासुद्धा करंट एसएमपीएसमधनं जात नाही, बोर्डावर एक छोटं पांढरं सॉकेट असतं तिथनं वायर निघते. यात अर्थ आहे, वायरी कमी होतात, विजेची बचत होते, आणि पुढं २०२० च्या आसपास इंटेलनंसुद्धा एटीएक्स १२व्हीओ म्हणून हेच स्टँडर्ड केलं, १० पिन, फक्त १२ व्होल्ट, स्टँडबायसुद्धा १२. म्हणजे कल्पना चांगलीच आहे. दुखणं एवढंच की त्या आधीच्या डब्यांत प्रत्येकाचा प्लग वेगळा, पिनांचा क्रम वेगळा, वायरींचे रंगसुद्धा कधी कधी वेगळे, आणि राजारामपुरीत कुठल्याही दुकानात जाऊन मागितला तर मिळत नाही.

आणि एक धोका. आठ पिनी प्लग दिसायला प्रोसेसरच्या आठ पिनी १२ व्होल्टच्या प्लगसारखाच, सहा पिनी प्लग ग्राफिक कार्डाच्या सहा पिनीसारखा. घाईत असलेला माणूस दाबून बसवतो, आणि कडेचा थोडा कोन छाटला तर तो बसतोसुद्धा. कृपा करून प्लग छाटू नका. छाटायची वेळ आली याचा अर्थच हा की तो प्लग तिथला नाही.

शिरोलीच्या डब्यावर येतो. टेपचा जोड उघडून बघितला. करणाऱ्यानं विचार केला होता हे कबूल, १२ व्होल्ट, ग्राउंड, पीएस-ऑन, पॉवर गुड सगळं योग्य ठिकाणी होतं, नेटवर कुठंतरी बघून केलं असणार. पण स्टँडबायच्या पिनेला त्यानं साध्या एसएमपीएसची जांभळी वायर जोडली होती, म्हणजे ५ व्होल्ट, आणि या बोर्डाला स्टँडबाय लागतं १२. बोर्डाला बंद असतानासुद्धा थोडा करंट लागतो, त्यावर पॉवर बटण बघणारी चिप जागी असते, आपण बटण दाबलं की ती पीएस-ऑन खाली ओढते आणि मग एसएमपीएसचा मोठा भाग चालू होतो. स्टँडबायच अर्धवट मिळालं तर ती चिप जागीच होत नाही, आणि बोर्ड मेल्यासारखा पडून राहतो. लाइट नाही, पंखा नाही, काहीच नाही. सकाळच्या दोघांनी बघितलं ते हेच, आणि त्यावरनं बोर्ड गेला असा निकाल दिला.

बरं झालं की चूक कमी व्होल्टेजची होती. उलटं असतं, म्हणजे ५ व्होल्टच्या स्टँडबायला १२ दिले असते, तर मी हे लिहायला बसलो नसतो.

म्हणजे बोर्ड अजून निर्दोष असू शकतो. मग खरा प्रश्न, मूळ एसएमपीएस का गेला आणि खरंच गेलाय का. टेबलाखालनं काढला, हलवला तर आतनं बारीक काळी धूळ सांडली. फाउंड्रीची धूळ ही घरातल्या धुळीसारखी नसते, तिच्यात लोखंडाची बारीक कणी असते, कार्बन असतो, आणि ती करंट वाहून नेते. पावसाळ्यात हवेत ओल असली की अजूनच. लॅबला एसी आहे, दार बंद असतं, पण माणसं आत-बाहेर करतात त्यांच्या कपड्यांवरनं येते. ब्लोअर लावून बाहेर नेऊन साफ केला, मग टेबलावर घेतला.

अनोळखी एसएमपीएस तपासायची माझी पद्धत सांगतो, कुठल्याही कंपनीचा असू दे. पहिलं, भिंतीतला प्लग लावायचा पण बोर्डाला जोडायचं नाही, आणि थेट लावायचा नाही, सिरीज लॅम्पमधनं लावायचा. १०० वॅटचा फिलामेंटचा बल्ब सिरीजमध्ये, आतनं शॉर्ट असला तर बल्ब भगभगून पेटतो आणि स्फोट वाचतो. बल्ब एकदा लुकलुकून विझला तर आत शॉर्ट नाही. मग मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून काळी पिन एसएमपीएसच्या पत्र्याला, आणि लाल पिन प्लगच्या एकेका पिनेला मागनं. एसएमपीएस अजून चालू केलेला नाही, तेव्हा एका पिनेवर स्टँडबाय दिसलं पाहिजे, साध्यात ५, या असल्यात ११-१२. अजून एका पिनेवर साधारण ३ ते ५ च्या मधलं काहीतरी दिसेल, ती बहुतेक पीएस-ऑन, आतनं वर खेचून ठेवलेली असते. खात्री करायला ती थेट ग्राउंडला टेकवायची नाही, एक हजार ओहमचा रेझिस्टर मध्ये घालून टेकवायची. बरोबर असली तर पंखा फिरतो आणि १२ व्होल्टच्या सगळ्या पिनांवर १२ येतं. चुकीची असली तर रेझिस्टरमुळं काही जळत नाही. पॉवर गुडची पिन त्यानंतर थोड्या वेळानं वर जाते, एटीएक्समध्ये ती १०० ते ५०० मिलिसेकंदांनी यायला पाहिजे असं आहे, एवढं जलद मीटरवर कळत नाही पण आधी शून्य आणि नंतर ५ हे कळतं.

इथं स्टँडबायच्या जागी ८.३ दिसलं. शून्य नाही, १२ पण नाही. असलं अर्धवट व्होल्टेज दिसलं की मला बरं वाटतं, कारण जिवंत आहे पण दमलाय असा त्याचा अर्थ. लोड लावून बघितलं. लोडसाठी मी मोटारसायकलच्या पार्किंगचा १२ व्होल्ट ५ वॅटचा बल्ब ठेवतो, ऑटो पार्ट्सच्या दुकानात मिळतो, साधारण ०.४ अँपिअर घेतो, होल्डरला दोन वायरी लावून तयारच असतो बॅगेत. मोठ्या १२ व्होल्टसाठी इंडिकेटरचा २१ वॅटचा. हा बल्ब म्हणजे दहा मीटरांच्या तोडीचा आहे, कारण मीटर काही लोड घेत नाही, मीटरवर १२ दिसतं आणि बोर्डाला जोडलं की बसतं, ही फसवणूक बल्ब उघडी पाडतो. इथं बल्ब लावला आणि ८.३ चं ४ वर आलं.

आता एसएमपीएस उघडायचा. इथं थांबून सांगतो, ज्याला सवय नाही त्यानं हे करू नये. आपल्या २३० व्होल्टचं आत डीसी होतं ते साधारण ३२५ व्होल्ट, आणि या नव्या पीएफसीवाल्या (पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट असलेल्या) एसएमपीएसमध्ये चालू असताना त्याहून जास्त, ३८० च्या आसपास. मोठा कंडेन्सर हे साठवून ठेवतो, प्लग काढल्यावरसुद्धा. प्लग काढून पाच मिनिटं थांबायचं, मग त्या १०० वॅटच्या बल्बच्या दोन वायरींनी त्या कंडेन्सरची दोन टोकं जोडून रिकामा करायचा, आणि मग मीटर लावून शून्य झालाय हे बघायचं. स्क्रू-ड्रायव्हरनं शॉर्ट करणारे मी बघितलेत, ठिणगी उडते, ट्रॅक उडतो, कधी डोळ्यात जातं. नको.

आतनं बघितलं तर मोठे कंडेन्सर व्यवस्थित, कुणाचं डोकं फुगलेलं नाही. पण स्टँडबायच्या छोट्या चिपशेजारी एक बारका कंडेन्सर असतो, २२ मायक्रोफॅरड ५० व्होल्ट, ती चिप त्याच्यावर चालते. तो ट्रान्सफॉर्मरच्या अगदी कडेला, कायम गरम, आणि स्टँडबाय २४ तास चालू, म्हणजे कॉम्प्युटर बंद असला तरी याची नोकरी चालूच. दहा वर्षांत आतला रस वाळतो. फुगत नाही, फुटत नाही, म्हणून दिसत नाही, आणि म्हणून सगळे त्याला सोडून बाकी सगळं बदलतात. काढून मीटरवर घेतला तर २२ च्या जागी ३. त्याच्यासोबत स्टँडबायच्या आउटपुटचा १००० मायक्रोफॅरड १६ व्होल्टचा पण काढला, त्याचा ईएसआर (आतला रोध) वाढलेला होता. दोन्ही १०५ डिग्रीवाले, कमी ईएसआरचे घातले. पन्नास रुपयांच्या आतलं काम. एवढ्यासाठी फाउंड्रीत सकाळपासून लोकं थांबलेली.

बल्ब लावून पुन्हा मोजलं, रिकामं असताना १२.०५, लोडवर ११.९६. नियम प्लस-मायनस पाच टक्के, म्हणजे ११.४ ते १२.६, त्यात आरामात.

काका चहा घेऊन आले, म्हणले झालं का. मी म्हणलं झालं असं वाटतंय, प्लग लावू. लावला, बटण दाबलं.

काही नाही.

बोर्डावरचा स्टँडबायचा हिरवा एलईडी मात्र आता लागला होता, म्हणजे अर्धं काम झालं होतं. पण बटणाला प्रतिसाद नाही. बटणाची वायर काढून बोर्डावरच्या दोन पिना टेकवून बघितल्या, तरी नाही. आता इथं मनात आलंच की खरंच बोर्ड गेला का, सकाळचा माणूस बरोबर होता का. पण स्टँडबाय येतंय, एलईडी लागतोय, चिप गरम होत नाही, १२ व्होल्ट आणि ग्राउंडमध्ये मीटरची बीप वाजत नाही म्हणजे प्रोसेसरला करंट देणाऱ्या मॉस्फेटचा शॉर्ट नाही. एवढं सगळं ठीक असताना बोर्ड गेला म्हणायला मन तयार होईना. जेव्हा असं अडकतं तेव्हा मी परत पहिल्या पायरीवर जातो, प्लगवर.

मघाशी मी एसएमपीएस मोजला तो पिन मोजून, कुठली पिन कुठं असायला पाहिजे हे बघून नाही. आता एसएमपीएसच्या आतल्या पीसीबीवर जिथं वायरी सोल्डर केलेल्या असतात तिथं बघितलं. हे कुणालाच कसं सुचत नाही कळत नाही मला, तिथं पांढऱ्या शाईत नावं छापलेली असतात. १२ व्होल्ट, ग्राउंड, स्टँडबाय, पॉवर गुड, पीएस-ऑन. कुठल्याही अनोळखी एसएमपीएसचा नकाशा त्याच्याच पोटात असतो, नेट शोधायची गरज नाही. त्या छापील नावापासून वायर धरून प्लगपर्यंत बीप लावत गेलो, एकेक पिन कागदावर लिहिली. मग बोर्डाकडून तेच केलं. बोर्डाच्या स्क्रूच्या भोकाला मीटरची एक पिन लावायची, ज्या पिना वाजतात त्या ग्राउंड. पंख्याच्या सॉकेटातल्या १२ व्होल्टच्या पिनेला लावून बघायचं, बहुतेक वेळा १२ व्होल्टच्या पिना वाजतात. उरतात दोन-तीन, त्या सिग्नलच्या, त्यांचा ट्रॅक कुठल्या चिपकडं जातो ते डोळ्यानं बघायचं.

दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि कळलं. पीएस-ऑन आणि पॉवर गुड या दोन वायरी प्लगमध्ये एकमेकींच्या जागी होत्या. वायरींचा रंग साध्या एटीएक्ससारखा नव्हता, त्यामुळं नुसतं बघून कळणं अशक्य. आधी येऊन गेलेल्या कुणीतरी जोड बनवताना नमुना म्हणून मूळ प्लगच्या पिना सुईनं काढल्या असणार आणि परत घालताना दोन चुकल्या. बारकाईनं बघितलं तर त्या दोन पिनांच्या मागच्या जिभा वाकलेल्या होत्या, बाकीच्यांच्या नाहीत. म्हणजे बोर्ड बिचारा पीएस-ऑन खाली ओढत होता, पण ते एसएमपीएसपर्यंत पोचतच नव्हतं.

याचा मला राग नाही येत, वाईट वाटतं. तो पोरगासुद्धा दिवसभर झटलाच असेल. पण पिन काढायच्या आधी मोबाइलवर एक फोटो, एवढंच पाहिजे होतं. पिन बाहेर काढायची तर आधी फोटो, मग वायरीवर टेपचा तुकडा लावून नंबर, मग काढायची. मी अजूनही करतो, वीस वर्षांनंतरसुद्धा.

पिना काढल्या, जिभा सरळ केल्या, जागेवर घातल्या, ओढून बघितल्या. प्लग लावला. बटण दाबलं, पंखा फिरला, एक बीप, स्क्रीन आली. काका एकदम ओरडले, "आलं की ओ!"

पण विंडोज यायला लागलं आणि निळी स्क्रीन. ७बी चा एरर. काकांचा चेहरा परत पडला, मी मात्र सांगितलं याची काळजी करू नका. सकाळी कुणीतरी बोर्डाची सेटिंग टिकवणारा सीमॉसचा सेल काढून बघितला होता, सेल पण मेलेलाच होता, त्यामुळं बायोसची सेटिंग मूळच्या जागी गेली, हार्ड डिस्कचा मोड बदलला, आणि विंडोज ज्या मोडमध्ये टाकलेलं होतं तो सापडेना. बायोसमध्ये जाऊन साटाचा, म्हणजे हार्ड डिस्कच्या जोडणीचा, मोड एएचसीआयवरनं परत आयडीईवर केला, नवा २०३२ नंबरचा सेल घातला, तारीख बरोबर केली. मशीनचं सॉफ्टवेअर उघडलं. सेल काढायच्या आधी बायोसच्या सगळ्या पानांचे फोटो काढा, हे पण त्या फोटोच्या यादीत घाला.

रात्रीचे साडेअकरा. भट्टीवरनं पोऱ्यानं सँपल आणलं, घासलं, ठेवलं, स्पार्कचा तो चर्रर्र आवाज आला आणि स्क्रीनवर आकडे यायला लागले, कार्बन ३.४, सिलिकॉन २.१. काकांनी भट्टीवर फोन लावला आणि ग्रेड बरोबर आहे, ओता म्हणून सांगितलं. मला तिथनं खिडकीतनं लेडल, म्हणजे मेटल ओतायचं भांडं, हलताना दिसत होती.

पण काम तिथं संपवलं नाही, कारण हा एसएमपीएस पण कधीतरी परत जाणार आणि त्या दिवशी मी गावाला असलो तर. दोन दिवसांनी परत गेलो आणि तोच टेपवाला जोड नीट बनवून दिला, स्पेअर म्हणून. साध्या एसएमपीएसच्या जांभळ्या वायरीवर एक्सएल६००९ चं बूस्ट मॉड्यूल बसवलं, जे ५ चं १२ करतं. हे करणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. एक, मॉड्यूल बोर्डाला जोडायच्या आधी त्याचा स्क्रू फिरवून मीटरवर १२ करून घ्या, नवीन मॉड्यूल कितीवर सेट करून येईल काही भरवसा नाही, ३० व्होल्टपर्यंत पण असू शकतं. दुसरं, हिशोब करा. साध्या एसएमपीएसच्या स्टँडबायवर लिहिलेलं असतं २.५ अँपिअर, म्हणजे ५ गुणिले २.५, साडेबारा वॅट, मॉड्यूलमध्ये थोडं जाणार, तर १२ व्होल्टला हातात येणार ०.९ अँपिअरच्या आतच. बोर्डाच्या स्टँडबायला तेवढं बास होतं, पण यूएसबीला बंद असताना मोबाइल चार्जिंग लावलं तर नाही. म्हणून बायोसमध्ये ते बंद केलं. हार्ड डिस्कला करंट मात्र बोर्डाच्या पांढऱ्या सॉकेटातनंच ठेवला, साध्या एसएमपीएसच्या साटा वायरीनं पण चालतं, पण मग उद्या मूळ एसएमपीएस लावताना कुणीतरी ती वायर विसरणार.

त्याच दिवशी हार्ड डिस्कचं आख्खं क्लोन एका एसएसडीवर काढून लॅबच्या कपाटात ठेवलं, आणि कॅबिनेटच्या बाजूला फिल्टरचा स्पंज लावून दिला, दर शनिवारी झटकायचा. काका म्हणले, "हे आधी का नाय कुणी सांगितलं?"

कॅबिनेटच्या आतल्या पत्र्यावर मी कागद चिकटवून आलोय, वर पारदर्शक टेप मारून, मार्करनं मोठ्या अक्षरात. आठ पिनांचा चौकोन काढलाय आणि प्रत्येकात काय ते लिहिलंय. खाली लिहिलंय, "स्टँडबाय १२ व्होल्ट. साधा एसएमपीएस थेट लावू नये. स्पेअर जोड कपाटात, खालच्या कप्प्यात. साटा मोड आयडीई."